खाडीच्या अलीकडचे

आमचे जिमखान्याचे सर फुटबॉलची मॅच कधी बघायचे नाहीत. मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर असायचे. गोलचे खांब हलत नाहीत ना ते हाताने बघायचे, फक्कीच्या रेघा वाकड्या आल्या म्हणून पोरांना पुन्हा मारायला लावायचे, आणि एकदा शिट्टी वाजली की खाडीकडच्या गोलच्या मागे जाऊन मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. हात मागे बांधलेले, तोंड पाण्याकडे. मग जरा कुठे आरडाओरडा झाला की मान न वळवता विचारायचे, "काय झालं?"

हे "काय झालं" मला विचारलेलं असायचं.

मी तेव्हा भाईंदरच्या त्या कॉलेजात मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं घर भाईंदर पूर्वेला, वडील खेडकडून आलेले, आणि घरात खेळाशी संबंध म्हणजे भाऊ रेडिओवर क्रिकेट ऐकायचा तेवढाच. प्राचार्यांनी जिमखाना समितीत माझं नाव घातलं, कारण समितीत एक महिला हवी असं वरून आलं होतं आणि बाकीच्या मॅडमना उन्हाचा त्रास होता. मला होत नाही, हे त्यांनी परस्पर ठरवलं.

पहिल्याच मॅचला सरांनी मला गोलच्या मागे उभं केलं आणि स्वतः खाडीकडे वळले.

"काय झालं?"

"सर, त्या उंच मुलाने लाथ मारली."

"कोणाला?"

"बॉलला."

"बरं केलं. कुठल्या बाजूला मारली?"

"पलीकडच्या."

"मॅडम, मी पाठमोरा आहे. माझ्या पलीकडे खाडी आहे आणि खाडीपलीकडे वसई. नीट सांगा."

त्या दिवशी आम्ही हरलो, पण कोणाकडून आणि कसे हे सरांना दुसऱ्या दिवशी मुलांना विचारावं लागलं. तरीही पुढच्या मॅचला त्यांनी मलाच बोलावलं. मी शिकले. शिकावंच लागलं, दुसरं कोणी उन्हात यायला तयार नव्हतं.

मॅच का बघत नाही असं विचारलं तर म्हणायचे, "मी बघायला लागलो की पोरं माझ्याकडे बघतात. मग बॉलकडे कोण बघणार?" हे उत्तर त्यांनी तयार करून ठेवलेलं होतं. खरं कारण मला त्यांच्या मागे बांधलेल्या हातांवरून कळायचं. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट असं आवळलेलं असायचं की पुढे बराच वेळ तिथे बोटांचे वळ दिसायचे. माणूस घाबरट होता, आणि घाबरतो हे कोणाला कळू नये म्हणून त्याने ही सगळी ऐट उभी केली होती. परीक्षेच्या वर्गावरही ते असेच, मुलांकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघत उभे राहायचे. गंमत म्हणजे त्यांच्या वर्गात कॉपी होत नसे. सरांना मागे डोळे आहेत अशी मुलांची पक्की समजूत होती.

सर मूळचे राईचे. शेती, खाजण आणि थोडी मासेमारी असलेलं घर, त्यातले हे पहिले प्राध्यापक, विषय भूगोल. फळ्यावर कुठलाही नकाशा काढला की आधी राई कुठे ते ठिपक्याने दाखवायचे आणि मग ऑस्ट्रेलियाकडे वळायचे. लग्नानंतर भाईंदर पूर्वेला फ्लॅट घेतला होता, पण डबा राईचाच. सुकटीची चटणी उघडली की स्टाफरूममधल्या दोन बायका पदर नाकाला लावून बाहेर जायच्या आणि सर त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर पाय पसरून जेवायचे. स्टाफरूममध्ये त्यांचं मराठी पुस्तकी असायचं, राई-उत्तनच्या पोरांशी बोलताना त्यात "हाय" आणि "न्हाय" शिरायचं, आणि नया नगरच्या पोरांशी ते स्वतःच्या हिंदीत बोलायचे. "सलीम, तू उधर से आ, मगर मैं बोलेगा तब आ, नहीं तो नको आ." सलीमला ते बरोबर कळायचं.

तारीख हा शब्द त्यांना मान्य नव्हता. सहामाही परीक्षा त्यांच्या लेखी एकादशीला सुरू व्हायची आणि पगार कधी चतुर्थीला तर कधी पंचमीला. "तारीख साहेबाची, पाणी आपलं," असं म्हणायचे. मला हा जुनाटपणा वाटायचा. त्यात किती हिशेब आहे ते मला पुढे कळलं.

आमचं मैदान राईच्या टोकाला होतं, खाडीच्या बांधाला लागून. गोलची जाळी म्हणजे उत्तनच्या पोरांनी घरून आणलेली, मासळीला निकामी झालेली जुनी जाळी. शेजारी खाजण, म्हणजे भरतीचं पाणी घेणारी खारट पडीक जमीन, आणि त्या खाजणातून एक नाला मैदानाच्या कडेपर्यंत यायचा. पुनवेच्या किंवा अमावास्येच्या सुमाराला उधाण आलं की भर दुपारी त्या नाल्यातून पाणी वर चढायचं, मैदानाखाली मुरायचं आणि तीनच्या सुमाराला ओसरून जायचं. मग मैदान वरून साय धरलेल्या दुधासारखं दिसायचं. पाय टाकला की आत. आमची निम्मी पोरं चिखलात कालवं काढत मोठी झालेली, ती त्यावर बोटांच्या जोरावर पळायची. बाहेरून आलेल्या संघाचा एकेक बूट चिखलात राहायचा.

घरच्या मैदानावरच्या मॅचची तारीख यजमान कॉलेजने ठरवायची, असा विभागाचा नियम होता. सर ती तारीख पंचांगातून काढायचे. "पुनवेला नाही मॅडम, बीजेला. खरं पाणी बीजेला चढतं," असं मला त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं होतं की शेजारचा शिपाई उगाच संशयाने बघायला लागला.

यात एकच अडचण होती. आम्ही होतो ग्रामीण विभागात, आणि त्याच विभागात खाडीपलीकडचं एक कॉलेज होतं. त्यांची पोरंही चिखलातच वाढलेली. सरांच्या बीजेचा त्यांच्यावर काडीचा परिणाम व्हायचा नाही. ते दरवर्षी राईला यायचे, हसत हसत आम्हाला हरवायचे आणि जाताना नाल्यातच पाय धुवायचे.

सरांचं म्हणणं असं की खेळ मैदानावर संपतो, पण सुरू होतो तो मीटिंगमध्ये. विभागाच्या वार्षिक बैठकीला ते लग्नाला निघाल्यासारखे निघायचे. एका पिशवीत उत्तनचे सुके बोंबील, दुसऱ्या पिशवीत शाकाहारी प्राध्यापकांसाठी ताडगोळे. त्या वर्षी दोन्ही पिशव्या मी धरल्या होत्या. पिशव्या रिकाम्या झाल्यावर सर उठले आणि त्यांनी भूगोलाचं असं काही व्याख्यान दिलं की बस. नदी म्हणजे काय, खाडी म्हणजे काय, माणसं कुठे आणि का वसतात. शेवटी म्हणाले, "खाडी ही निसर्गाने आखलेली हद्द आहे. निसर्गाने वेगळं केलेलं विद्यापीठाने एका गटात का कोंबावं? मुलांना केवढा वळसा पडतो!"

मुलांच्या वळशाची काळजी सगळ्यांनाच वाटली. खाडीपलीकडच्यांचा गट वेगळा झाला.

पुढच्या वर्षी आम्ही गटात पहिले आलो. त्याच्या पुढच्या वर्षीही. कॉलेजच्या जिन्यात संघाचा फोटो लागला, प्राचार्य पाहुण्यांना मुद्दाम त्या जिन्याने वर न्यायला लागले. नया नगरची पोरं आता प्रवेश घेतानाच फुटबॉलची चौकशी करायची. मुंबईच्या एका बड्या कॉलेजने आमच्या सलीमला बोलावणं धाडलं, तर त्याने "उधर जाने को गाड़ी बदलनी पड़ती है" असं सांगून नकार दिला. गाडी कुठे बदलावी लागत नव्हती. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्या दिवशीची बोंबलाची चटणी सगळी त्याला देऊन टाकली आणि स्वतः कोरडी भाकरी खाल्ली.

दरवर्षी बैठकीत ते खाडीचं व्याख्यान पुन्हा द्यायचे. गरज नसताना. जिंकलेल्या माणसाला आपण कसं जिंकलो ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मग नव्वदीच्या मध्यावर कॉलेजं फार झाली. आमच्याच बाजूला खाडी बुजवून इमारती उठत होत्या आणि तळमजल्यावर दुकानं, वर कॉलेज अशी पाटी कुठेही दिसायला लागली. विद्यापीठाने सगळे क्रीडा विभाग नव्याने आखायचं ठरवलं. बैठक मुंबईला. अध्यक्ष एका जुन्या, नामांकित कॉलेजचे क्रीडाप्रमुख होते. मृदू आवाजाचे, पांढऱ्या सदऱ्यातले, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारे गृहस्थ. अशी माणसं फार धोक्याची असतात.

सर बोलायला उठले. आमचा जिल्हा ठाणे, आमची पोरं कोळ्या-शेतकऱ्यांची, आमची जागा ग्रामीण विभागातच आहे, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. अध्यक्षांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "सर, आम्ही तुमचंच म्हणणं मान्य करतोय. खाडी ही निसर्गाने आखलेली हद्द. पलीकडचे ग्रामीण विभागात. तुम्ही खाडीच्या अलीकडचे, म्हणजे आमचे. उपनगर विभागात तुमचं स्वागत आहे."

सभागृह हसलं. सरांनी खाली बसताना खुर्ची चाचपून बघितली.

परत गाडीने निघालो. दहिसर गेल्यावर म्हणाले, "मॅडम, मी तेव्हा काय बोललो होतो, हे त्या माणसाला कोणी सांगितलं?"

"सर, तुम्हीच. दरवर्षी सांगताय."

"हं," म्हणाले. "आपलेच दात, आपलेच ओठ."

उपनगर विभाग म्हणजे वेगळं जग होतं. तिथल्या कॉलेजांना पगारी प्रशिक्षक होते, हिरवळीची मैदानं होती, मध्यंतरात सोललेली संत्री यायची. त्या विभागात दोन गट होते, अ आणि ब. नव्या कॉलेजने अ गटातल्या एका संघाशी एकच मॅच खेळायची. हरलो नाही तर अ गट. हरलो तर ब गट. ब गटाच्या मॅचेस ऐन वार्षिक परीक्षेच्या तोंडावर व्हायच्या, त्यामुळे तिथे गेलेलं कॉलेज पुन्हा वर येत नसे.

प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. जिन्यातला फोटो त्यांनाही प्रिय होता. पण स्पष्ट बोलले. "सर, अ गटात राहिलात तर संघ राहील. ब गटात गेलात तर पुढच्या वर्षीपासून फुटबॉल बंद. परीक्षेच्या वेळी मी मुलं मैदानावर पाठवणार नाही. त्यांचे आईबाप मला विचारतील, आणि त्यांचं बरोबर असेल."

"बरोबर आहे सर," आमचे सर म्हणाले. बाहेर येऊन व्हरांड्यात थांबले. मी काही बोलणार तर म्हणाले, "मॅडम, इनास फक्त फुटबॉलसाठी कॉलेजात येतो. फुटबॉल गेला की उद्यापासून बोटीवर." इनास आमचा गोलरक्षक, उत्तनचा. "आणि मी? मी काय करू? कॅरमच्या सोंगट्या मोजू?" ते चिडून बोलत होते, पण डोळे भरले होते. मला त्यांची अशी दया कधी आली नव्हती.

मग चिठ्ठ्या निघाल्या आणि आमच्या वाट्याला आलं अध्यक्षांचंच कॉलेज. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी चक् चक् केलं. पण सर एकदम ताजेतवाने झाले, कारण नव्या कॉलेजला सवलत म्हणून मॅच त्याच्या मैदानावर ठेवायची होती. म्हणजे राईला. आणि दिवस आम्ही सांगायचा होता.

"मार्गशीर्ष वद्य बीज," सर म्हणाले. "दुपारी पाणी भरेल, तीनला ओसरेल. शुभ्र मोजे घालून येतील बघा, आणि जाताना..." पुढचं न बोलताच ते हसले. त्याच्या आधीच्या अमावास्येला त्यांनी मला मैदानावर नेऊन दाखवलंही. पाणी आलं होतं, टाच टेकवली की बुडत होती. माझ्याही जिवात जीव आला. मी लपवणार नाही, मलाही तेव्हा चिखलाचाच आधार वाटत होता.

बीजेच्या दिवशी दुपारी आम्ही मैदानावर पोहोचलो तेव्हा सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. मैदानाच्या मध्यावर जाऊन त्यांनी टाच आपटली. खण्ण झालं. दुसऱ्या जागी आपटली. तिथेही तेच. भरतीची वेळ होऊन गेली होती आणि मैदान अंगणासारखं सुकं होतं.

सर तसेच दुमडलेल्या पँटीने नाल्याकडे निघाले. मी मागोमाग. नाला होता तिथे लाल मुरमाचा ढीग. त्यापलीकडे खाजण होतं तिथेही मुरूमच, रोलर फिरवून सपाट केलेला, आणि दोन ट्रक उभे. एका ताडाखाली सरांचे थोरले भाऊ बसले होते. सर त्यांना दादा म्हणायचे.

"दादा, ह्यो नाला कुनी बुजवला?"

"बिल्डरनी. त्याची जागा हाय ती आता."

"कवापासून?"

"आरं, आपलं खाजण न्हाय का इकलं? दिवालीला जेवाया आलास, तवा तूच सही केलीस."

"खाजणाला सही केली. नाल्याला कुटं केली?"

दादांनी धाकट्या भावाकडे नीट बघितलं. प्राध्यापक झालेल्या भावाची त्यांना काळजी वाटली असावी. "नाला काय खाजणाच्या भायेर हाय?" त्यांनी विचारलं.

दिवाळीला गोडाधोडाचं जेवून, खाजणात आता पिकतंय काय म्हणत, सरांनी न वाचता सही केली होती. राईचा ठिपका जगाच्या नकाशावर दाखवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या खाजणातून काय वाहतं ते सही करताना आठवलं नाही. मला हसू येत होतं आणि रडूही. अमावास्येनंतरच्या पंधरवड्यात ट्रक येऊन गेले होते आणि आमचं पाणी बंद झालं होतं.

तेवढ्यात पाहुण्यांची बस आली. खरंच शुभ्र मोजे. अध्यक्ष खाली उतरले, वाकून तळवा जमिनीला लावला आणि प्रसन्न झाले. "वा! आम्ही तर ऐकलं होतं की इथे चिखल असतो. म्हणून मुलांना दोन-दोन जोड बूट आणायला लावले. एक सुक्याचा, एक ओल्याचा."

म्हणजे सरांची बीज अख्ख्या मुंबईला माहीत होती. पाणी आलं असतं तरी ते तयारच होते. सरांनी हळूच पँट खाली सोडली.

आमची पोरं गोल करून बसली होती. दर मॅचच्या आधी सर त्यांना कोणी कुठल्या बाजूने पळायचं, पाणी कुठे जास्त, कुठे कमी, हे काठीने जमिनीवर काढून दाखवायचे. त्या दिवशी काठी हातात होती, पण काढायचं काय?

"सर, पानी न्हाय," इनास म्हणाला.

"न्हाय."

"मंग आता?"

"मंग आता खेला," सर म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकूच गेला नाही.

सलीम बुटाची नाडी बांधत होता. तो मान वर न करता म्हणाला, "सर, हम लोग तो रोज सूखे में ही खेलते. नया नगर में पीने को पानी नहीं आता, खेलने को किधर से आएगा?"

पोरं खदखदून हसली. सरांना हसू आलं नाही, पण त्यांनी काठी टाकून दिली.

मॅच सुरू झाली. सर आपल्या जागेवर, खाडीकडच्या गोलच्या मागे. पहिल्या अर्ध्यात तो गोल आमचा होता. समोर त्यांना मुरूम आणि ट्रक दिसत असणार. मनगट आवळलेलं. मी सांगत होते. एव्हाना मला खेळ चांगला कळायला लागला होता, आणि जे दिसत होतं ते सांगवत नव्हतं. पाहुणे सफाईदार खेळत होते. बॉल त्यांच्याकडे आपणहून जात होता. आमची पोरं मात्र धावत होती, पडत होती, उठत होती.

"काय झालं?"

"त्यांचा कॉर्नर."

मग मागे जाळी हलल्याचा आवाज झाला.

"गोल, सर."

"आपल्यावर?"

"हो."

सरांनी मान हलवली. मध्यंतरात ते मुलांकडे गेले नाहीत. मीच पाणी दिलं. परत आले तर म्हणाले, "मॅडम, एक सांगू? मला नेहमी वाटायचं की जिंकतो तो चिखल. आपली पोरं म्हणजे नुसता चिखल. कोरड्यात कधी खेळावं लागलं तर सगळ्यांना कळेल की यांच्यात काहीच नव्हतं, आणि या मास्तरमध्येही काही नव्हतं. म्हणून मी बघत नाही."

इतकी वर्षं मागे उभं राहून मला जे नुसतं दिसत होतं ते त्यांनी असं बोलून टाकलं. "अजून अर्धी मॅच आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या. आता खाडीकडचा गोल त्यांचा, आणि इनास लांब त्या टोकाला. पाहुण्यांना घाई नव्हती, एक गोल त्यांना पुरेसा होता. ते बॉल आपसात फिरवत बसले. वेळ जात होता. मग त्यांच्या एकाने लांबून उगाच मारलेला बॉल इनासने छातीशी धरला आणि, पागाचं जाळं फेकावं तसा, सगळं अंग फिरवून उजव्या अंगाला फेकला. तिथे सलीम एकटा होता. कोणी "आता ये" म्हणायची त्याने वाट बघितली नाही. तो निघाला. सुक्या, टणक जमिनीवर, सरळ. मी सांगायचं विसरले. फक्त बघत राहिले, आणि सरांच्या पाठीमागे हातभर अंतरावर जाळी एवढ्या जोराने हलली की तिच्यातली जुनी रेती सरांच्या मानेवर उडाली.

"गोल," मी म्हणाले.

"संपलं," सर म्हणाले.

"सर, आपला! आपला गोल!"

सर वळले. मला वाटतं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वळले. सलीम मैदानात हात पसरून धावत होता, पोरं त्याच्या अंगावर पडत होती, आणि सर तोंड उघडं टाकून सगळं बघत होते, पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसासारखे. मग ते पुन्हा वळलेच नाहीत. जाळीत बोटं अडकवून उभे राहिले.

आता हरायचं नव्हतं, एवढंच. पाहुण्यांनी सगळा खेळ पलीकडे नेला. शेवटी शेवटी आमच्या गोलसमोर त्यांना फ्री किक मिळाली. आमची पोरं भिंत करून उभी राहिली. आता मला बघवेना. मी डोळे मिटून खाडीकडे तोंड केलं. शिट्टी वाजली, बुटाचा आवाज आला, आणि मग सगळीकडून ओरडा.

"सर, काय झालं?"

"इनासने दोन्ही मुठींनी वरून काढला. मॅडम, बघा की! बघण्यासारखं आहे."

मी बघितलं. इनास मातीत पालथा पडला होता आणि बॉल पार गोलच्या मागे. लगेच शेवटची शिट्टी झाली. एक-एक. आम्ही हरलो नव्हतो. अ गट राहिला, संघ राहिला, इनासचं कॉलेज राहिलं. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथेच बसले आणि मला हसू आवरेना. दादा ताडाखालून उठून आले होते. त्यांना खेळातलं काही कळलेलं नव्हतं, पण धाकट्या भावाच्या मानेवरची रेती ते आपल्या उपरण्याने झाडत होते आणि सर लहान मुलासारखे झाडू देत होते.

अध्यक्ष आमच्याकडे आले. हरल्यासारखे दिसत नव्हते, पण जिंकल्यासारखेही नव्हते. त्यांनी सरांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "सर, तुमची मुलं चांगली आहेत," ते म्हणाले. "आम्ही उगाच दोन जोड आणले. पुढच्या वर्षीही मी मुलांना इथेच घेऊन येतो. फक्त दिवस तेवढा आधी कळवा. तुमचं तिथीचं काहीतरी असतं, असं ऐकलंय."

सरांनी माझ्याकडे बघितलं, दादांकडे बघितलं, मग मैदानात लोळणाऱ्या पोरांकडे बघितलं.

"तुम्हीच सांगा," सर म्हणाले. "कुठलाही दिवस सांगा. आम्ही असू."